सकाळचे हात

आमच्या मागच्या खोलीत राहणाऱ्या कॉलरवाल्या काकूंना ‘कशा आहात’ असं विचारलेलं खपत नसे. “कशी हाय ते कळून तू काय करणार हाईस? काम असंल तर सांग,” असं म्हणून त्या दार लोटून घ्यायच्या. उदगीरच्या आमच्या गल्लीत त्यांच्याशी फारसं कुणी बोलत नव्हतं. त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. नवरा नांदेडला एका गोदामावर वॉचमन होता, तिथंच झोपायचा. महिन्यातून एकदा आला तर त्यालाही त्या असंच बोलायच्या.

गणवेशाच्या दुकानात त्या फक्त कॉलर शिवत. हातांना संधिवात होता, म्हातारपणाचा नव्हे, तिशीतच धरलेला. सकाळी बोटं ना मिटायची, ना उघडायची. न्हाणीघर आम्हाला एकच, त्यामुळे मला रोज दिसायचं. गरम पाण्याच्या पातेल्यात दोन्ही हात बुडवून त्या एकेका बोटाला नाव घेऊन शिव्या द्यायच्या. करंगळी म्हणजे सासू, अंगठा म्हणजे दुकानाचा मालक. दहाच्या पुढे हात सुटायचे. दुकान नऊला उघडायचं. मालक म्हणायचा, “आजारी असाल तर घरी बसा.” नळावरच्या बायका म्हणायच्या, “पाणी भरायला हात न्हाईत, मशीन मात्र झ्याक चालवती.” काकू दोघांनाही ऐकू जाईल असं थुंकायच्या.

त्यांना दिव्यांगाचं प्रमाणपत्र हवं होतं. चाळीस टक्के लिहून मिळाले असते तर महिन्याचं मानधन मागता आलं असतं, आणि सकाळ सोडून फक्त दुपारी शिवायला जाता आलं असतं. एवढंच. काम सोडायचं त्यांच्या मनातही नव्हतं. ऑनलाइन अर्ज मी भरला, कारण मी इंग्रजी शाळेत शिकलेली. त्या मला ‘इंग्लिस’ म्हणत. “इंग्लिसला समदं येतं. तोंड उघडायचं तेवढं शिकवलं न्हाई शाळंत.” खरं होतं, म्हणूनच मला राग यायचा.

लातूरला तपासणीला जायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी बांगडीवालीला बोलावलं. सांधे सुजलेले, त्यामुळे वर्षभर मनगटावर नुसता काळा दोरा होता.

“काकू, आत्ता कशाला?” मी म्हणाले.

“नवरा जित्ता हाय माझा. सायबांपुढं मोकळ्या हातानं जाऊ?”

बांगडीवालीने साबण लावला. काकूंनी पदर दातांत धरला. हिरव्या बांगड्या दोन्ही हातांत भरून होईपर्यंत त्या पदराला भोक पडलं.

दुसऱ्या दिवशी नंबर आला तेव्हा एक वाजून गेला होता. डॉक्टरांनी मूठ वळायला सांगितली. दुपारची मूठ ती, वळली.

“काम काय करता?”

“कॉलर शिवते. उदगिरात माझ्यासारखी कुणाची बसत न्हाई.”

खोटं सोडाच, त्यांना साधा नम्रपणाही जमत नसे. डॉक्टर हसले. बांगड्यांना पेन टेकवून म्हणाले, “बांगड्या तर छान चढतात की.”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. साबण, पदर, सकाळचं पातेलं, मला सगळं ठाऊक होतं. वाक्यही तयार होतं, दोन्ही भाषांत. मी फायलीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. डॉक्टरांनी तीस टक्के लिहिले आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

“तू रोज बघतीस,” बाहेर आल्यावर काकू एवढंच म्हणाल्या. घरी आल्यावर त्यांनी पाट्यावर हात आपटून सगळ्या बांगड्या फोडल्या. सवाष्ण बाईनं, दिवेलागणीला. माझी आई आत निघून गेली. काचा मी गोळा केल्या.

फेरतपासणीसाठी मी लांबलचक, मुद्देसूद अर्ज लिहिला आणि त्यांना वाचून दाखवला. “झ्याक लिवलंस,” त्या म्हणाल्या. “आता ह्यो कागद तिथं बोलंल व्हय?” त्याचं उत्तर यायच्या आधी दुकानाने सकाळी नऊला येणारी दुसरी बाई ठेवली. काकू नांदेडच्या पुढे उमरीला भावाकडे जायला निघाल्या.

नांदेडची गाडी सकाळी सहाची होती. बोचकं मी बांधलं, पैसे मीच त्यांच्या कमरेच्या पिशवीत घातले. गाडीच्या दारात त्या अडल्या. बोटं दांडीवर नुसतीच टेकत होती.

“ओ मावशी, दांडी धरा की,” कंडक्टर ओरडला. “गाडी काय तुमच्यापायी उभी करून ठेवू?”

“त्यांचे हात सकाळी उघडत नाहीत,” मी म्हणाले. इतक्या मोठ्याने की मागच्या सीटवरची माणसं वाकून बघायला लागली. कंडक्टरने खाली उतरून काकूंना दंडाला धरून वर घेतलं.

काकू खिडकीशी बसल्या. गाडी सुरू झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“आता बोललीस,” त्या म्हणाल्या. “कंडक्टरला.”