बॉनेटवरचा डबा

जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात मी आणि माझा मित्र दिगू दरवर्षी त्याची फियाट घेऊन जायचो. बक्षिसाशी आम्हाला देणंघेणं नव्हतं. कडेच्या झाडाखाली दारं सताड उघडी टाकायची, येईल त्याला आत बसू द्यायचं आणि बॉनेटवर डबा सोडायचा.

यंदा गाडीभोवती दोरी होती. मी सवयीने डबा ठेवायला गेलो, तसा दिगू ओरडला, "अरे, हात नको लावूस! परीक्षक येतायत."

जिंकावंसं वाटण्यात पाप नाही. पण त्याला तसं वाटतंय, हे मला परक्यासारखं दोरीबाहेर उभं राहून कळावं?

बॉनेटवर आमच्या गरम डब्याने पडलेला गोल डाग असायचा. मी लांबूनच शोधला. दिगूने त्यावरही रंग मारला होता.