अण्णांना बाहेर थांबायला सांगणारी कन्सल्टंट

कन्सल्टंट निवडायचं काम माझ्याकडे आलं ते मी हुशार होतो म्हणून नाही. फौंड्रीत बाकी सगळ्यांना खरीखुरी कामं होती. मी प्लॅनिंगला होतो. प्लॅनिंगचा माणूस म्हणजे दिवसभर हातात कागद घेऊन इकडून तिकडे फिरणारा, असं मोल्डिंगवाल्यांचं मत होतं आणि ते फारसं चुकीचं नव्हतं.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. पुण्याच्या आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने कळवलं की पुढच्या वर्षापासून आमचं कुठलं कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, कुठल्या टप्प्यावर आहे ते त्यांना बसल्या जागी कॉम्प्युटरवर दिसलं पाहिजे. ईआरपी घ्या, म्हणजे सगळ्या कारखान्याचा हिशोब एका सॉफ्टवेअरवर आणा. सॉफ्टवेअर त्यांनीच सुचवलं, ते कारखान्यात बसवून देणारा कन्सल्टंट मात्र आम्ही शोधायचा. नव्वदीत आमच्याकडे पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यासाठी काचेची खोली बांधली होती आणि आत जायचं तर चपला काढाव्या लागत. त्यानंतर आमची प्रगती एवढीच झाली होती की आता चपला घालून जात होतो.

मालकांना सगळे अण्णा म्हणत. निपाणीकडचं लिंगायत घराणं. बहिणीशी फोनवर कानडीत बोलायचे आणि आमच्यावर मराठीत ओरडायचे. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "तिघं-चौघं बघा, एक ठरवा. आणि हे झालं की पॅटर्न स्टोअरला जाणता माणूस लागत न्हाय म्हणत्यात. मामांचं काय करायचं ते बी बघाय पायजे."

मामा म्हणजे पॅटर्न स्टोअर सांभाळणारे आमचे जुने गृहस्थ. पॅटर्न हा लाकडाचा किंवा अॅल्युमिनियमचा नमुना. तो वाळूत दाबून साचा करायचा आणि साच्यात लोखंडाचा रस ओतायचा. असे पाच-सहाशे पॅटर्न आमच्याकडे होते आणि निम्म्यांवर नंबर नव्हता. काही रॅकवर, काही मोल्डिंगच्या शेडमध्ये, काही पत्र्याखाली पडलेले. गिऱ्हाईक मधेच डिझाइन बदलायचं, की पॅटर्न थोडा तासायचा. जुना आणि नवा शेजारी ठेवले तर मला फरक दिसत नसे. मामा अंगठा फिरवून सांगत. तेव्हा कन्सल्टंट कोण येणार यावर मामांची जागा राहणार की जाणार हे ठरणार होतं, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

बोलावलेल्या तिघांपैकी एक आलाच नाही.

दुसऱ्या एक बाई होत्या. गडमुडशिंगीत राहायच्या, राजारामपुरीत एका क्लासच्या वर त्यांचं दोन खोल्यांचं ऑफिस. स्कूटीवरून आल्या, चहा उभ्यानेच घेतला आणि म्हणाल्या, पॅटर्न स्टोअर दाखवा. अण्णा, मी आणि त्या असे तिघे गेलो. त्यांनी मामांना तीन प्रश्न विचारले. मामा प्रत्येक उत्तर अण्णांकडे बघून देत होते. मग बाई वळल्या आणि सरळ म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही जरा बाहेर थांबता का? तुम्ही समोर असताना हे खरं सांगायचे नाहीत."

त्यांच्याच कारखान्यात, त्यांच्याच माणसांदेखत. अण्णा हसले आणि बाहेर गेले, पण त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले.

मामा मग अर्धा तास बोलत होते. कुठलं काय कुठं पडलंय, कशावर खूण नाही, कुठले दोन पॅटर्न एकसारखे दिसतात आणि नाहीत. बाई बेताच्या उजेडात लिहीत होत्या. निघताना मला म्हणाल्या, "तुमची सगळी माहिती या माणसाच्या डोक्यात आहे. सहा महिने मामा मला द्या. आधी पॅटर्नला नंबर घालू, मग कॉम्प्युटरचं बघू."

तिसरी पुण्याची कंपनी, तिचे दोघे पुढच्या आठवड्यात आले. टाय, लॅपटॉप, भिंतीवर रंगीत चौकोन. तीन महिन्यांत सगळं होऊन जाईल म्हणाले. स्टोअर त्यांनी दारातून बघितलं. दुपारी अण्णांनी त्यांना घरी नेलं. वहिनींनी भरलं वांगं, ज्वारीच्या भाकरी, दोन चटण्या असं वाढलं आणि दोघांनी मागून मागून खाल्लं. आमच्याकडे एवढं झालं की संपलं. घरी जेवून गेलेल्या पावण्याला नाही कसं म्हणायचं?

तरी शिफारशीचा कागद मीच लिहायचा होता. अण्णा शब्द फिरवणारे नव्हते. मी बाईंचं नाव लिहिलं असतं तर आदळआपट करून का होईना, त्यांनी मानलं असतं. मी पुण्याचं नाव लिहिलं. कारणं दिली: अनुभव, मनुष्यबळ, वेळ. खरं कारण, मला कंटाळा आला होता. सहा महिने अण्णांचे लाल कान बघायची माझी तयारी नव्हती.

मग ऑफिसात माहिती घ्यायची बैठक झाली. समोर पुण्याचे दोघे, मधे अण्णा. मामा हात धुऊन, टोपी नीट करून आले आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत टेकले.

"पॅटर्न काम झाल्यावर रॅकवर परत जातो?"

"व्हय की."

"प्रत्येकावर नंबर असतो?"

"व्हय."

"बदल केला की नोंद होते?"

मामांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी कागदाकडे बघितलं.

"हुती की," मामा म्हणाले.

झाकली मूठ सव्वा लाखाची. अण्णांनी समाधानाने मान हलवली, पुण्याच्या दोघांनी लिहून घेतलं. जो कारखाना कुठेच नव्हता त्याचं सॉफ्टवेअर तीन महिन्यांत तयार झालं, बरोबर सांगितलेल्या मुदतीत. पॅटर्न स्टोअरला दोन ऑपरेटर बसले. मामांना गेटवर गाड्यांची नोंद करायला दिली.

दुसऱ्याच महिन्यात कॉम्प्युटरने सांगितलेल्या रॅकवरून पॅटर्न उचलला गेला. तो जुना होता, बदलाच्या आधीचा. त्यावरचं त्या दिवसाचं सगळं ओतकाम चुकीचं निघालं आणि आम्हाला ते कळलं पुण्याच्या गिऱ्हाइकाकडून माल परत आल्यावर. अण्णांनी मामांना गेटवरून बोलावलं. "तुम्हीच व्हय म्हणालासा की मामा! सगळ्यांच्या म्होरं!" मामा टोपी नीट करून गेटवर परत गेले. मी तिथेच होतो. दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत.

पुण्याचे दोघे फोन उचलेनासे झाले. शेवटी अण्णाच म्हणाले, त्या बाईंना बोलवा. त्या आल्या. मी तुम्हाला सांगितलं होतं, असं काही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरं वाटलं असतं. स्टोअरमध्ये चक्कर मारून त्यांनी एवढंच विचारलं, "मामा कुठं आहेत?"

मी रविवारी एसटीने राधानगरीकडे गेलो. धरणाच्या अलीकडे त्यांचं गाव. दोन दिवस पाऊस लागून होता, भातात पाणी साचलेलं. मामा गोठ्यातून हात पुसत आले. चहा झाला, म्हशी किती दूध देतात ते झालं. मग मी सांगितलं, अण्णांनी बोलावलंय, पगार वाढवून देतात, बाई म्हणतात तुमच्याशिवाय काम होणार नाही.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "सायेब, पावण्याफुडं मालकाच्या घरचं उणं मी कसं काढायचं? अण्णा समोर बसलेलं. मी गडी माणूस."

"बरोबर आहे, मामा."

"पर तुमाला सगळं म्हाईत हुतं. आन् तुमी काय गडी न्हवं. तुमी माझ्या शेजारीच बसला हुता की."

आवाज चढलेला नव्हता. रागावले असते तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. मला लाज वाटली, आणि येणार का हे पुन्हा न विचारता, एसटीची वेळ झाली म्हणून मी उठलो.

त्यांनी मला एकट्याला जाऊ दिलं नाही. डोक्यावर पोतं घेतलं, छत्री मला दिली.

सोमवारी अण्णांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, मामांचे गुडघे गेलेत, त्यांना आता चालवत नाही. स्टॉपपर्यंतचा तो मैलभर चिखलाचा रस्ता मामा माझ्यापुढे भराभर चालत गेले होते.