पंचवीस पैशांचं कोरं पाकीट

श्यामराव बेहेऱ्यांच्या घरी आलेल्या पाहुण्याला चहा मिळेलच असं नव्हतं, पण हात धुवायला मात्र हमखास सांगितलं जायचं. हात धुऊन, पुसून, पंख्याखाली वाळवून झाले की मगच आल्बम बाहेर यायचे. आल्बमात पोस्टाची पाकिटं, ज्यांच्यावर तिकीट छापूनच येतं ती. पाटबंधारे खात्यात कारकुनी करून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी वारज्याच्या दोन खोल्यांत आयुष्यभर हेच जमवलं.

"पाकिटाला दर्जा असतो," ते पाहुण्याला ऐकवायचे. कोरं हवं. कोपरा दुमडलेला नको, ओलीचे तांबूस डाग नकोत, छापलेलं तिकीट बोटाला उंच लागलं पाहिजे. आणि मुख्य म्हणजे झाकणाच्या डिंकाला कुणाची जीभ लागलेली नको. वापरलेलं असेल तर शिक्का स्वच्छ हवा आणि पाकीट सुरीनं कापलेलं हवं, बोटानं फाडलेलं नको. "आणि पत्ता लिहून टाकायचं राहिलेलं असेल, तर ते धड कोरं नाही, धड वापरलेलं नाही. बाजारात त्याला कुत्रं विचारत नाही."

"माणसांचा दर्जा पण लावून टाका एकदा," पद्मजाबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या.

बोलायला त्यांना कारण होतं. लग्न ठरल्यावर त्या वाईला होत्या आणि श्यामराव नारायण पेठेत एका खोलीत कॉट भाड्यानं घेऊन राहत होते. पद्मजाबाईंची पत्रं पंचवीस पैशांच्या पाकिटातून यायची. श्यामरावांना जिना चढेपर्यंत धीर निघायचा नाही, पायरीवरच पाकीट फाडायचे. पुढे मुलगी वाचायला शिकली, तेव्हा पद्मजाबाईंनी लाजेकाजेस्तव ती पत्रं बंबात घातली. पाकिटं तेवढी उरली. मग श्यामरावांना हा नाद लागला, त्यांनी त्याही पाकिटांचा दर्जा लावला आणि सगळी रद्दीत देऊन टाकली.

"फाडली कोणी, आणि नाकं कोण मुरडतंय," एवढंच पद्मजाबाई म्हणाल्या होत्या. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

आणि आता त्या विसरायला लागल्या. आधी आमटीतलं मीठ, मग भाजीवाल्याचा रस्ता, मग फोनवर लेकीचं नाव. एका दुपारी त्यांनी श्यामरावांकडे पाहून अदबीनं विचारलं, "आपण कोण?"

"मी श्याम."

"अगं बाई," त्या लाजल्या, "त्यांचंही हेच नाव."

 

त्यानंतर थोड्याच दिवसांत सुंदराबाईंनी हाक मारली. दिवसभर पद्मजाबाईंजवळ बसायला त्या येत. "आजोबा, आजीनं पाकीट चिटकवलंय बघा."

आल्बम उघडा होता. पंचवीस पैशांचं एक पाकीट पद्मजाबाईंच्या हातात होतं. वर नारायण पेठेचा पत्ता आणि श्यामरावांचं नाव, अक्षर थरथरलेलं पण ओळ सरळ. डिंकाला जीभ लावून त्या झाकण मुठीनं दाबत होत्या.

श्यामराव ओरडले. आयुष्यात फार कमी वेळा ओरडले असतील. पद्मजाबाई भिंतीला टेकल्या. "न विचारता घेतलं, चुकलं माझं," त्या म्हणाल्या, आणि तरीही पाकीट पुढे केलं. "आपण बाहेर निघालात तर एवढं टाकाल? उघडू नका हं. त्यांचं आहे."

श्यामरावांनी ते घेतलं. त्या क्षणी त्यांना स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते पोस्टातून नवी पाकिटं घेऊन आले. पद्मजाबाईंनी तिकीट पाहिलं आणि पाकीट बाजूला सारलं. "पाच रुपये? फसवलं हो तुम्हाला."

मग श्यामरावच जेवणानंतर आल्बमातून एकेक पाकीट काढून टेबलावर ठेवू लागले. त्या लिहायच्या, चिकटवायच्या, त्यांच्या हाती द्यायच्या. ते चपला घालून खाली जायचे, सोसायटीच्या बाकावर थोडं बसायचे आणि परत यायचे. एकही पाकीट त्यांनी उघडून पाहिलं नाही, तसंच आल्बमात परत ठेवलं.

स्वारगेटजवळ जुन्या तिकिटांचं दुकान असलेला सुदर्शन वर्षानुवर्षं त्या पाकिटांवर डोळा ठेवून होता. तो एकदा आला, आणि आल्बम पाहून खालीच बसला. "काका, लिहून न टाकलेली? तुम्हीच सांगायचात की..."

"मला माहीत आहे मी काय सांगायचो."

"निदान टपालात तरी टाकायची. शिक्का बसला असता."

"त्या पत्त्यावर आता पार्किंग आहे," श्यामराव म्हणाले. सुदर्शन चहा न घेता उठला.

पाकिटं गेली त्याचं दुःख एव्हाना राहिलं नव्हतं. दुःख वेगळंच उभं राहिलं. पद्मजाबाई जेवेनात. ताटावर बसायच्या आणि दाराकडे बघायच्या. "एकाचंही उत्तर नाही. मन बदललं असेल त्यांचं," म्हणून डोळ्यांना पदर लावायच्या. श्यामराव एकदा न राहवून म्हणाले, "अगं, मी इथंच आहे की," आणि त्यांचा हात धरला. पद्मजाबाईंनी तो झटकन सोडवून घेतला. "माझं लग्न ठरलंय," त्या म्हणाल्या.

आल्बमात एकच कोरं पाकीट उरलं होतं, सगळ्यांत उत्तम दर्जाचं. श्यामरावांनी ते काढलं. हात धुतले नाहीत. वर लिहिलं, कु. पद्मजा सोमण, वाई. आत घडी केलेला कागद घातला. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या जिभेपासून जपलेल्या त्या डिंकाला त्यांनी स्वतःची जीभ लावली. चव कडवट होती.

ते खाली गेले, वर आले आणि बेल वाजवली. "टपाल," ते म्हणाले.

पद्मजाबाईंनी पाकीट घेतलं. अक्षराकडे पाहिलं, आणि कित्येक महिन्यांत आला नव्हता असा उजेड त्यांच्या तोंडावर आला. श्यामराव तिथंच उभे राहिले. आता ही फोडेल, वाचेल, आणि मान वर करून आपल्याकडे बघेल, अशी वेडी आशा त्यांना लागली होती.

पद्मजाबाईंनी मान वर केली. "फार उपकार झाले," त्या म्हणाल्या. "आता आपण जरा बाहेर थांबता का? मला एकटीनं वाचायचंय."

श्यामराव गॅलरीत गेले आणि दार ओढून घेतलं. आतून पाकीट फाटल्याचा आवाज आला. सुरीनं नव्हे, बोटानं, घाईघाईनं. परका माणूस रडतोय असं वाटून ती घाबरेल, म्हणून श्यामराव तोंडावर हात दाबून रडले.