रतनशी तांडेलचा खुंटा

दोर माझ्या दुकानचा होता, हे आधीच सांगून टाकतो. मांडवी बंदरात त्या दिवसानंतर जो तो स्वतःचीच फुशारकी मारत सुटला. कोणी म्हणे आधी मी ओरडलो, कोणी म्हणे मी उडी टाकणारच होतो. टाकणारच होतो! जे तुटले ते दोर दुसरीकडून आणलेले. ज्याने जहाज धरलं तो माझ्या दुकानचा, आणि तो खुंट्याला घातला मोंघीबांनी.

मोंघीबा म्हणजे रतनशी तांडेलची लेक; म्हाताऱ्या बाईला आमच्याकडे ‘बा’ म्हणतात. वय ऐंशीच्या घरात, अंगावर मांस नाही, पण तोंड असं की बंदरावरचे हमालसुद्धा वाट बदलून जात. नदीच्या धक्क्यावर, एका दगडी खुंट्याच्या शेजारी त्या खारे शेंगदाणे विकत बसायच्या. शेजारी म्हणतोय बरं का, खुंट्यावर नव्हे. त्या खुंट्यावर बसायची, पाय ठेवायची, त्याला दोर बांधायची कोणाची छाती नव्हती. कारण तो ‘हरिप्रिया’चा खुंटा.

हरिप्रिया हे मोंघीबांच्या बापाचं शिडाचं गलबत. मोंघी परकरात होती तेव्हा बाप ते बसऱ्याहून खजूर भरून परत आणत होता. संध्याकाळी शीड दिसलं. बंदरावर ढोल आले, नारळ आले, खलाशांच्या बायकांनी लापशी चुलीवर चढवली. तेवढ्यात वावटळ सुटली, डोळ्यांत धूळ गेली. लोकांनी डोळे चोळून पाहिलं, तर समुद्र रिकामा! ना शीड, ना फळी, ना माणूस.

आमच्या खारव्यांचा, म्हणजे दर्यावरच्या लोकांचा, रिवाज असा, की ज्या गलबताची फळीही सापडली नाही ते बुडलं असं म्हणायचं नाही. ‘धक्क्याला लागायचं बाकी आहे’ म्हणायचं. त्याचा खुंटा मोकळा ठेवायचा. घरच्यांनी श्राद्ध घालायचं नाही, कारण येणाऱ्या माणसाचं श्राद्ध कोणी घालतं का? मोंघीबांची आई पुढे म्हातारपणी वारली, तीही बांगड्यांसकट चितेवर गेली. आणि मोंघीबा दर नारळी पौर्णिमेला माझ्या दुकानी हजर.

“नानजी, दोर काढ. गेल्या वर्षीचा उन्हानं खाल्ला.”

“बा, एवढा जाड?”

“मग काय नाडी बांधू? माझ्या बापाकडचा दोर एव्हाना कुजला असेल. धक्क्यावर तरी नवा नको?”

मी देत असे. जुना दोर त्या कोळ्यांना वाटून टाकत आणि नव्याचं वेटोळं खुंट्यापाशी ठेवत.

लहानपणी ती गोष्ट ऐकताना आमची दातखीळ बसायची. अवसेला खजुराचा वास येतो म्हणत. जो त्या खुंट्याला दोर बांधेल त्याचं जहाज हरिप्रिया सोबत घेऊन जाते म्हणत. सांगणारे सात-आठ घरांतले असत आणि प्रत्येक जण आपली भर घाली. एकाने खजुराच्या जागी मोती भरले, दुसऱ्याने शिडावर जिन बसवला. सगळ्यांत फक्कड सांगत त्या मोंघीबा. हळूहळू ऐकणारे कमी झाले. एकदा कॉलेजातल्या एका पोराने विचारलं, “बा, जीपीएस नव्हतं का?” मोंघीबांनी त्याच्या हातातली दाण्यांची पुडी परत हिसकावून घेतली.

मीही तेव्हा जीपीएसलाच दोष दिला. मोबाइलला दिला, टीव्हीला दिला. पण खरं सांगू? ती सात-आठ घरं होती तीच, ज्यांची माणसं गलबतावर होती. त्या घरांतले म्हातारे एकेक करून गेले. आम्ही बाकीचे फुकटचा काटा अंगावर आणून घ्यायला बसलेले. शेवटी सांगणारी एकच बाई उरली, आणि एक खुंटा.

आता त्या दिवसाचं ऐका. आठवलं की अजून माझे तळहात गरम होतात!

मोंघीबांचा मुलगा वालजी जन्मभर दुसऱ्यांची जहाजं हाकून थकला आणि त्याने स्वतःचं बांधायला घेतलं. उस्मान मिस्त्रीने नदीकाठी वर्षानुवर्षं खपून ते उभं केलं. पुनवेच्या भरतीला ते पाण्यात उतरवायचं ठरलं. इंजिन दुबईला बसणार होतं, तोवर नुसतं लाकडाचं धूड, त्याला सांभाळणार ते फक्त दोर. रिवाजाप्रमाणे अख्खी खारवा आळी जहाजावर चढली. सुना, लेकुरवाळ्या, म्हातारे, हातात लापशीच्या वाट्या. मोंघीबांना बोलावलं तर म्हणाल्या, “माझी जागा इथं आहे.”

“जय दरियालाल!” झालं, ढोल कडाडले, जहाज सर्रकन उतरलं आणि तरंगलं! काय ते रूप! उस्मान मिस्त्री भर गर्दीत रडत होता आणि मीही, कशाला लपवू.

भरती उलटली, मागून वारा सुटला, आणि ताडकन दोर तुटला. दुसऱ्या दोरावर सगळा भार आला, तोही गेला. जहाज फिरलं आणि ओहोटीबरोबर खाडीच्या तोंडाकडे निघालं. तिथे खडक. वर शंभरेक माणसं, पोरंबाळं! ढोल थांबले, किंकाळ्या सुरू झाल्या.

वालजीने जहाजावरून वजन बांधलेली बारीक दोरी भिरकावली. ती येऊन पडली थेट मोंघीबांच्या टोपलीपाशी. मी धावलो, तिथल्या नव्या दोराचं टोक तिला बांधलं, वरच्यांनी भराभर ओढून घेतलं. दुसरं टोक माझ्या हातात.

“नानजीभाई, खुंट्याला घाला! बघताय काय!” वालजी ओरडला. मग त्याने खुंटा पाहिला, आणि त्याचंही तोंड मिटलं.

दुसरा खुंटा पार लांब, दोर पुरणार नव्हता. माझ्या बाजूला उस्मान मिस्त्री, चार खलाशी, सगळे दांडगे. एकाचाही हात पुढे होईना. हसू नका, तुम्ही ती गोष्ट लहानपणी ऐकली नाहीत. माझी बायकोही त्या जहाजावर होती, तरी माझे हात गोठले.

“सरका मेल्यांनो!”

मोंघीबांनी माझ्या हातातला दोर ओढला. भराभर वेढे घातले. आम्ही भानावर येऊन धरायला गेलो तर खेकसल्या, “करकचून धरू नका! सोडत सोडत धरा, झटका बसला तर तुटेल!” दोर खुंट्यावरून सरकू लागला, दगडातून धूर निघाला, आमच्या हातांची सालं गेली. कोणी सोडला नाही. जहाज मंदावलं. अजून मंदावलं. मग डौलात वळलं आणि धक्क्याला टेकलं.

“मा! लागलं!” वालजी वरून ओरडला.

लोक नाचत होते, एकमेकांना मिठ्या मारत होते, कोणी माझ्या तोंडात लापशी कोंबली. मोंघीबा ताणलेल्या दोरावर हात ठेवून उभ्या होत्या. “ओढतंय रे,” मला म्हणाल्या, “केवढं ओढतंय.” चेहरा लहान पोरीसारखा झाला होता.

वालजीचं जहाज दुबईला गेलं, इंजिन बसवून मोठ्या थाटात परत आलं आणि त्याच खुंट्याला लागलं. मग दुसऱ्यांनीही बांधलं. पोरं त्यावर बसून दाबेली खाऊ लागली. परवा एका नव्या खलाशाला मी हरिप्रियाची गोष्ट सांगायला घेतली, तर तो म्हणाला, “कुठला खुंटा, काका?” मी दाखवणार काय? त्यावर तीन जहाजांचे दोर होते.

नारळी पौर्णिमा आली. मी चांगला दोर बाजूला काढून ठेवला होता. मोंघीबा आल्या, पण दोराकडे बघेनात.

“पंचांग आहे का तुझ्याकडे?”

“आहे ना. कशाला, बा?”

“श्राद्धाचे दिवस कधी लागतात बघ. माणूस कोणत्या तिथीला गेला ते ठाऊक नसलं, तर कधी घालतात?”

“अमावास्येला, बा.”

“बरं.” त्या पायरीवर बसल्या. पदराने तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. “बुडलं रे ते, नानजी. समोर दिसत होतं आणि बुडलं. माझा बाप उपाशी आहे इतकी वर्षं.”

मी दोर परत आत ठेवला आणि पंचांग घेऊन त्यांच्या शेजारी बसलो.