सफरचंद आणि शेवळं

पाहणीला निघताना आमच्या पिशवीत कोरे फॉर्म असायचे. परतल्यावर भरलेले फॉर्म ऑफिसात जमा व्हायचे, पण किस्से कोण जमा करून घेणार? ते माझ्याकडेच साठले.

साल ऐंशीच्या आसपास. कर्जत-खालापूरकडच्या अंगणवाड्यांमुळे मुलांची तब्येत, खाणं, शिकणं कितपत सुधारलं, हे आम्ही तपासत होतो. आम्ही म्हणजे मी आणि आमचे देवधर साहेब. साहेब भला माणूस, पण रकान्याबाहेर एक अक्षर लिहील तर शपथ!

*

खालापूरकडच्या एका गावात पहिल्याच बाईनं लेकाला चांदीचे वाळे घालून वजनकाट्याच्या झोळीत बसवलं. वजन झकास भरलं. पाठोपाठ दुसरं पोर आलं, तिसरं आलं. सगळ्यांच्या पायात वाळे!

पाचव्याला साहेबांनी विचारलं, "बाई, हे वाळे मघाशी पाहिले का हो मी?"

"पायले आसतील. तिच्या पोराचं वजन भरलं, मंग माज्याच पोराचं का कमी भरावं?"

वाळे काढून सगळी वजनं पुन्हा घेतली. दुपारचं जेवण संध्याकाळी झालं.

*

पळसदरीच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी होती. तिथली अंगणवाडी उचलून खाली रस्त्यालगतच्या गावात न्यावी, असं घाटत होतं. कारण काय, तर इथली पोरं काही शिकत नाहीत. आमच्या फॉर्मवर फैसला व्हायचा होता, आणि सेविका हिराबाईला ते पक्कं ठाऊक होतं. पोरं रोज एवढी उतरण उतरून खाली जाणार नव्हती.

तिथे वजनालाच अडलं. एक आई पोर देईना. "चारचौघांत टांगता, नजर लागली तं?"

हिराबाईनं साहेबांची बॅग घेतली आणि झोळीत ठेवली. "ही बग, आदी सायबाची बॅग टांगली. नजर लागंल ती हिला." आईनं लगेच पोर दिलं. साहेब दिवसभर बॅगेचा बंद तपासत होते.

*

खाण्याच्या वेळी रजिस्टरात बावीस मुलं आणि ओळीत बसलेले तेवीस. तेविसावे आजोबा, हातात अंगणवाडीच्या गोड सुकडीची वाटी घेऊन.

"हे कोण?" साहेबांनी विचारलं.

"गोष्ट सांगत्यात," हिराबाई म्हणाली. "गोष्टीबिगर पोरं खात नायत."

"यांना कोणत्या रकान्यात घालू?"

"घालू नका. नुसतं ऐका." हिराबाईनं दिलेली वाटी घेऊन साहेब ऐकत बसले. त्यांची स्वतःची वाटी कधी रिकामी झाली, त्यांना कळलंही नाही.

*

मग शिकण्याची चाचणी. चित्रं दाखवायची आणि नावं विचारायची. सफरचंदाला पोरं टंबाटा म्हणाली. टेलिफोन कुणालाच येईना. साहेब मान खाली घालून चुकीच्या खुणा करत होते आणि हिराबाईचा चेहरा उतरत चालला होता. मला फार वाईट वाटत होतं.

शेवटी ती उठली, मागच्या दारी गेली आणि सूपभर रानभाजी घेऊन आली. "सायेब, आता तुमी वळका."

साहेबांनी जांभळट कोंब उचलला. "केळफूल?"

चार वर्षांची चिमी खुदकन हसली. "शेवळं हायती ती. नुसती खाल्ली तं घसा खाजतो. काकडाची आंबट फळं घालाय लागतात."

दुसरी भाजी. साहेबांनी हुंगली, उलटून पाहिली, ओळखली नाही. तिसरी, चौथी, पाचवी. चिमीनं सगळी सांगितली, शिवाय कुठली पोट दुखल्यावर द्यायची तेही. साहेबांनी चष्मा पुसला, फॉर्म मिटला आणि सरळ परतीची वाट धरली. मी आशा सोडली.

ऑफिसात टाइपिंगला गठ्ठा देताना मी त्या वाडीचे फॉर्म चाळले. मुलं बावीस, फॉर्म तेवीस. शेवटचा साहेबांच्या अक्षरात होता, आणि मजकूर रकाना सोडून थेट समासात गेलेला:

"वय चोपन्न. सफरचंद ओळखतो. रानभाज्या पाचांपैकी शून्य. अंगणवाडी वाडीतच ठेवावी. या मुलाला रोज पाठवावे."