काचेपलीकडची बत्तीशी

सक्करदऱ्यातल्या त्या काचवाल्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. रस्त्यावरचा दगड उडून आमच्या फियाटची समोरची काच फुटली होती, आणि दुसऱ्या दिवशी त्याच गाडीतून बहिणीची पाठवणी होती. नवी काच मुंबईहून यायला आठ दिवस, वर दुप्पट किंमत. भंगारातली तयार होती, पण तिच्यावर ओरखडा. मी घुटमळलो. त्यानं मला गाडीत बसवलं, ती काच समोर धरली आणि पलीकडून बत्तीशी दाखवली.

"सांगा भाऊ, ओरखडा दिसून राहिला का मी?"

"तुम्हीच!"

"मंग हेच लावू."

काचेभोवतीच्या रबराच्या खाचेत दोरी घालून तिचं टोक त्यानं माझ्याच हाती दिलं. मी आतून ओढत गेलो, तो बाहेरून काच थोपटत गेला. ती बसली तशी टाळीही त्यानंच वाजवली.

पुढं कितीक वर्षं ती गाडी चालवली. ओरखडा शोधू गेलो, की ती बत्तीशीच दिसायची.