अहिंसा आपल्या गुडघ्यापासून

नलिनीताई घोरमाडे यांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. या गौरवग्रंथात लिहिणाऱ्या बहुतेकांनी ताईंना प्रथम पाहिले ते गुरू म्हणून. मी मात्र त्यांच्याकडे तक्रार घेऊन गेले होते.

नागपूरच्या मनीषनगरात माझे फिजिओथेरपीचे केंद्र तेव्हा नवीन होते. कंबर धरलेली, मान आखडलेली माणसे येत, त्यात काही धडधाकट तरुणही येऊ लागले. कुणाची मांडीमागची शीर ओढलेली, कुणाचे मनगट सुजलेले. कशाने झाले विचारले, की उत्तर ठरलेले असे, "ताईंच्या क्लासला जातो." हे वारंवार ऐकल्यावर मला राहवेना. एका सकाळी मी सरळ त्यांचा वर्ग भरत असे त्या समाजभवनाच्या वरच्या हॉलमध्ये जाऊन उभी राहिले.

वर्ग सुरू होता. कुणी बोलत नव्हते. ताई संस्कृतमध्ये आकडे म्हणत होत्या आणि त्या आकड्यांवर सगळा हॉल एकत्र श्वास घेत होता, एकत्र सोडत होता. सडसडीत बांधा, पांढरा सलवार-कुर्ता, पाठीवर करडी वेणी. एका मुलाच्या पाठीवर हात ठेवून त्या त्याला पुढे वाकवत होत्या. माझ्या व्यवसायाच्या नजरेला तो दाब जास्त वाटला. वर्ग संपताच मी पुढे झाले आणि नमस्कारही न करता म्हणाले, "तुमच्या क्लासमधून माझ्याकडे पेशंट येतात. तुम्ही लोकांना दुखापत करताय."

शेजारची शिष्यमंडळी चपापली. ताई रागावल्या नाहीत. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिले आणि म्हणाल्या, "बसा ना डॉक्टर. उभ्यानं काहून भांडता?" मग चहा मागवून विचारले, "तुम्ही हे कधी करून पाह्यलं का?"

"नाही."

"मग असं करा. तुम्ही मले हाडं शिकवा, मी तुमाले श्वास शिकवते. त्याच्यानंतर भांडू."

वर्गात ताईंची मराठी शाळामास्तरणीची, नेटकी. पण मनातले बोलायचे झाले की काटोलकडची बोली आपसूक तोंडात येते. त्या दिवशी ती ऐकून माझा राग अर्धा उतरला, हे कबूल करायला हवे.

ताईंचे माहेर काटोल तालुक्यातले, संत्र्याच्या बागा असलेले. शिक्षण झाल्यावर त्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवू लागल्या. धाकट्या मुलाच्या जन्मानंतर कंबरेने असा त्रास दिला, की शिट्टी वाजवून मुलांना धावायला सांगावे आणि स्वतः भिंतीला टेकून उभे राहावे, अशी वेळ आली. कुणीतरी अष्टांग विन्यासाचे नाव सांगितले. ठरलेल्या क्रमाने आसने, प्रत्येक हालचालीला एक श्वास, मध्ये थांबणे नाही, अशी ती पद्धत. ताई उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना सासूबाईंकडे सोपवून म्हैसूरला या पद्धतीच्या गुरूंकडे गेल्या. नंतर कित्येक उन्हाळे जात राहिल्या. "बाई माणूस उड्या मारायला एवढ्या लांब जाते," असे लोक म्हणत. त्यांचे यजमान भाऊराव त्यावर शांतपणे सांगत, "जाते ते जाते, पण वाकून भांडी उचलाले लागली ना आता." भाऊराव आज आपल्यात नाहीत. त्यांचे हे वाक्य ताई अजूनही हसत हसत सांगतात.

मी वर्गाला जाऊ लागले ती दोष शोधायला. पण माझेच एक दुखणे होते, आणि ते मी कुणाला सांगितले नव्हते. वडील गेल्यानंतर मला अचानक छातीत धडधड होई. वर्धा रोडच्या उड्डाणपुलावर चढले, की हात गार पडत आणि स्कूटी पुढे नेववत नसे. तपासण्या सगळ्या नीट आल्या. डॉक्टरांनी मनाचा ताण म्हणून सांगितले, औषध दिले, त्याचा उपयोगही झाला. तरी पुलावर चढायची भीती गेली नव्हती.

ताईंच्या वर्गात पहिल्यांदा मला कळले, की मी श्वास सोडतच नाही, नुसता घेत राहते. घसा किंचित आवळून, समुद्रासारखा आवाज करत लांब श्वास सोडायचा. आकडा ताई म्हणणार, आपण फक्त त्याच्यामागे जायचे. घाम निथळायचा, मांड्या थरथरायच्या, आणि त्या तेवढ्या वेळात डोक्यात दुसरे काही शिरतच नसे. काही महिन्यांनी एका सकाळी मी पूल ओलांडून छत्रपती चौकापर्यंत आले, तेव्हा लक्षात आले की आपण थांबलोच नाही. गाडी बाजूला घेऊन मी रडले. ताईंना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "औषध बंद नोको करू हं मनानं. डॉक्टरले विचार." चमत्काराचे श्रेय घ्यायला त्या तेव्हाही तयार नव्हत्या. त्या दिवसापासून त्या मला डॉक्टर म्हणायचे सोडून अर्चना म्हणू लागल्या.

पण या पद्धतीची दुसरी बाजूही मी अंगावर घेतली आहे. रोजचा क्रम चुकला तर दिवसभर अपराधी वाटू लागले. ताप असताना मी सराव केला. मनगट दुखत असताना पट्टी बांधून केला, आणि दिवसभर पेशंटना "दुखेल ते करू नका" असे सांगत राहिले. शेजारच्या चटईवरची मुलगी पुढच्या आसनाला पोहोचली, की मला तिचा हेवा वाटे. मन शांत करायला आले आणि तिथे नवीन स्पर्धा लावून घेतली. ताईंचा स्वभावही त्या काळात कडक होता. आसन पूर्ण झाल्याशिवाय पुढचे मिळणार नाही, हा त्यांच्या गुरूंचा नियम त्या जसाच्या तसा पाळत. माझे हाडांचे धडे त्या मन लावून ऐकत, पण वर्गात फार काही बदलत नसे.

बदल झाला तो संजयमुळे. संजय डाखोळे हिंगण्याच्या एका कारखान्यात पाळीवर काम करणारा तरुण. रात्रपाळी करून मोटरसायकलवर थेट वर्गाला येई. ताईंचा लाडका. त्याचे शरीर लवचिक नव्हते, जिद्द मात्र दांडगी. पद्मासन घालून पुढे वाकायच्या एका आसनात त्याचा उजवा गुडघा जमिनीला टेकत नव्हता. त्या सकाळी ताईंनी त्याच्या मांडीवर हात ठेवून हळूहळू दाब दिला. संजय "होईल, होईल" म्हणत होता. कापड फाटावे तसा आवाज झाला. माझ्या चटईपर्यंत तो ऐकू आला.

गुडघ्यातली कूर्चा फाटली होती. शस्त्रक्रिया झाली. संजयला कित्येक महिने उभ्याने काम करता येईना. लग्न ठरत आले होते, ते लांबले.

ताईंना अनेकांनी सल्ला दिला. त्यात नामवंत मंडळीही होती. पोराचाच गुडघा आधीपासून खराब असेल, त्यानेच "होईल" म्हटले ना, तुम्ही कशाला मनाला लावून घेता. ताईंनी कुणाचे ऐकले नाही. दुखापतीच्या दुसऱ्याच दिवशी त्या संजयच्या घरी गेल्या होत्या. मला सोबत नेले. दारात त्याच्या आई, शांताबाई उभ्या होत्या. त्यांनी आत या म्हटले नाही.

"कशाले आल्या? पाय पाहाले?" त्या म्हणाल्या. "माह्या पोराचा पाय मोडला तुमच्या योगानं. धडधाकट पोरगा होता माहा. तुमचं काय गेलं?"

मी काही वैद्यकीय बोलू पाहिले. ताईंनी माझा हात दाबला. "बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "चूक माही आहे. त्याची नाही."

शांताबाई आणखी बरेच बोलल्या. ताई उन्हात उभ्या राहून ऐकत होत्या. एकदाही "पण" म्हणाल्या नाहीत. परत येताना मी विचारले, "उद्या पुन्हा जायचं?" त्या म्हणाल्या, "जा लागन ना. एकदा ऐकून घेतल्यानं फिटते का?"

त्या जात राहिल्या. आधी दारात, मग ओसरीवर, मग आत. संजयचे व्यायाम मी घेत असे आणि ताई शेजारी बसून पाहत. शिकवायला नव्हे, पाहायला.

त्याच सुमारास एका रविवारी त्यांनी सगळा वर्ग बोलावला. आसने झाली नाहीत. सगळ्यांना बसवून त्यांनी झालेली गोष्ट सांगितली. संजयचा पाय आपल्याच हाताखाली गेला, असे स्पष्ट सांगितले. मग म्हणाल्या, "अष्टांग म्हणजे आठ अंगं. यम, नियम, आसन आणि पुढची पाच. आपण तिसऱ्या पायरीवरच बिऱ्हाड केलं. पहिली पायरी यम, आणि यमातली पहिली गोष्ट अहिंसा. ती दुसऱ्यापासून नाही, आपल्या गुडघ्यापासून सुरू होते. मी ती शिकवलीच नाही."

मग त्यांनी नवे नियम सांगितले. विचारल्याशिवाय कुणाच्या अंगाला हात लावणार नाही. ज्याला जे आसन जमणार नाही त्याने ते सोडून पुढे जायचे. आणि नवीन येणाऱ्या प्रत्येकाचे सांधे आधी अर्चना पाहील.

हे सगळ्यांना रुचले नाही. जुन्या शिष्यांपैकी एकजण उठून म्हणाले, "ताई, ही परंपरा आहे. आपल्याला सोयीची करून घ्यायची वस्तू नाही. क्रम मोडला तर उरलं काय?"

"तुमी चालले तरी मी नाराज नाही होणार," ताई म्हणाल्या. "पण अजून एक पाय मोडून मले परंपरा नाही सांभाळाची."

ते गेले, आणि त्यांच्याबरोबर आणखी काहीजण. ज्यांना ताईंनी स्वतःच्या मुलांसारखे घडवले होते, तेच बाहेर "ताई थकल्या आता" असे बोलू लागले. वर्ग अर्ध्यावर आला. त्या दिवसांत ताईंना मी प्रथमच खचलेले पाहिले. एके दिवशी चटया गोळा करताना त्या मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "एवढी वर्षं लोकाईले बरं केलं की दुखवलं, हेच समजून नाही राह्यलं वं मले." मी माझी पुलाची गोष्ट पुन्हा सांगितली. त्यांनी ती सगळी ऐकून घेतली, जणू प्रथमच ऐकत होत्या.

संजय हळूहळू कामावर परतला. त्याचे लग्न झाले. गुडघा पूर्वीसारखा झाला नाही, जिना उतरताना तो आजही कठडा धरतो. पद्मासन त्याला यापुढे कधीच घालता येणार नाही. वर्गात परत यायला त्याला बराच काळ लागला, आणि आला तो प्राणायामापुरता. पण त्याच्याआधी आल्या शांताबाई! एका सकाळी हॉलच्या दारात त्या पदर खोचून उभ्या. ताई लगबगीने सामोऱ्या गेल्या.

"खांदा वर नाही जात माहा," शांताबाई म्हणाल्या. "डब्बा काढता नाही येत फळीवरचा. करता का काही? पण हात नोका लावू."

"नाही लावत," ताई म्हणाल्या. "तुमीच करा. मी नुसती मोजते."

आज शांताबाई पहिल्या रांगेत असतात. लुगड्यावरच सगळे करतात, आणि डबा त्यांचा त्या काढतात.

पुढे ताईंच्या स्वतःच्या खुब्याने दगा दिला. कित्येक वर्षांच्या ताणलेल्या आसनांचा त्यात वाटा आहे का, असे त्यांनी शल्यचिकित्सकांना विचारले. वय आहे, घडण आहे, आणि थोडा वाटा त्याचाही असू शकतो, असे प्रामाणिक उत्तर मिळाले. ताई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "घ्या डॉक्टर, तुमचं भांडण तुमी जिंकल्या." आणि खळखळून हसल्या. सांधा बदलल्यानंतर त्या खुर्चीत बसून शिकवू लागल्या. त्यांना पाहून मनीषनगरातले अनेक ज्येष्ठ आपापल्या घरून खुर्च्या घेऊन वर्गाला येऊ लागले. सोडून गेलेल्यांपैकीही काहीजण परतले. ताईंनी कुणाला काही विचारले नाही, जागा करून दिली.

मला आज कुणी विचारले, की अष्टांग करावे का, तर मी म्हणते, करावे. माझा श्वास मला त्यानेच परत दिला. पण जो "दुखतंय" हा शब्द ऐकून थांबतो, अशा माणसाकडे करावे. नागपुरात असा माणूस दाखवा म्हटले, तर मी आधी ताईंचे घर दाखवीन.

ताईंच्या अमृतमहोत्सवाचा हा ग्रंथ काढायचे ठरले, तेव्हा आम्ही परवानगी मागायला गेलो. ताई म्हणाल्या, "नुसतं गोड नोका लिहू. ज्याले दुखलं त्यालेही लिहाले सांगा." आम्ही संजयला सांगितले. त्याने लेख दिला आहे आणि त्यात काहीही सौम्य केलेले नाही. ताईंनी तो वाचला, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, "हा पह्यल्यांदा लावा."

म्हणून तो या ग्रंथात सर्वांत आधी आहे. आपल्या गौरवग्रंथाच्या पहिल्या पानावर स्वतःची चूक छापायला सांगणाऱ्या नलिनीताईंना पुढची अनेक वर्षे निकोप प्रकृती, शांत झोप आणि भरलेला वर्ग लाभो. त्यांचा आकडा असाच आमच्या कानावर येत राहो, आणि आम्हाला त्यांच्याशी भांडायला पुष्कळ सकाळी मिळोत.